‘टोपी मला डोक्यावरून उडाली’: एका सिस्टरची डाटिव्ह आणि चार जर्मन गाणी

ती शिकवणीला आली ती एक वही घेऊन. दोनशे पानी, लांबट, प्रत्येक पानावर मधोमध रेघ; डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे मराठी. अकराशेच्या वर शब्द. कुठलंही पान उघडून विचारा, उत्तर तयार. ‘श्प्रिट्से’ म्हणजे इंजेक्शन, ‘फरबांट’ म्हणजे बँडेज, ‘रोलाटोर’ म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा चाकांचा वॉकर. आणि बोलायला लावलं की पहिलंच वाक्य: ‘इख हेल्फे डी पात्सिएन्टिन.’ मी पेशंट बाईंना मदत करते. ‘डी’ नाही, ‘डेर’ हवं होतं.

सांगलीकडची ही नर्स. वय तिशीच्या आत, सात वर्षं आयसीयूत काढलेली. जर्मनीत नर्स म्हणून रीतसर मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ पातळीची (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली चौथी) भाषा लागते आणि ही बी-१ च्या उंबरठ्यावरच अडकली होती. एजन्सीच्या सराव परीक्षेत लेखी बरं, तोंडी नापास. शेरा एका शब्दाचा: विभक्त्या. तिचा मला पहिला प्रश्न होता, ‘मॅडम, अजून किती शब्द पाठ करू?’

हे प्रकरण लिहून ठेवतेय, कारण गाण्यांतून भाषा शिकवण्याबद्दलचं माझं मत या नऊ आठवड्यांत दोनदा बदललं.

नेमकं काय चुकत होतं

पहिल्याच तासाला तिला दहा मिनिटं तिच्या ड्युटीबद्दल बोलायला लावलं आणि ते रेकॉर्ड केलं. डाटिव्ह, म्हणजे जर्मनमधली आपल्या चतुर्थीसारखी विभक्ती, यायला हवी होती अशा एकवीस जागा निघाल्या. बरोबर सहा. आणि त्या सहांतल्या दोन ‘त्सू हाउझे’ होत्या, म्हणजे ‘घरी’, जे ती एकच शब्द समजत होती.

गंमत म्हणजे डेर, डी, डास या नामाआधीच्या उपपदांचा तक्ता तिला पक्का येत होता. पुल्लिंगी डेर-चं डेम, स्त्रीलिंगी डी-चं डेर, नपुंसकलिंगी डास-चं डेम, अनेकवचनी डी-चं डेन आणि नामाला ‘न’. ‘डेम, डेर, डेम, डेन’ ती पाढ्यासारखं धडाधडा म्हणायची. आउस, बाय, मिट (‘बरोबर’), नाख, झाइट, फोन (‘पासून, वरून’), त्सू या अव्ययांपुढे कायम डाटिव्ह, हेही एका श्वासात. पण पाढ्याचं जे होतं तेच इथंही होत होतं. आठ साते विचारलं की आठ एके आठपासून चढत जावं लागतं. ‘मिट’ म्हटल्यावर तिचे डोळे छताकडे जायचे, ओठ हलायचे आणि तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला.

‘ला’चा घोळ

मराठी माणसाला डाटिव्ह सोपी जावी असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याकडे चतुर्थी आहे. नावाचा अर्थही एकच. लॅटिनमधल्या ‘देणे’ या क्रियापदावरून डाटिव्ह. आपल्या व्याकरणात तेच संप्रदान. काही ठिकाणी तर दोन्ही भाषा अगदी हातात हात घालून चालतात. ‘मला मदत कर’ म्हणजे ‘हिल्फ मीर’. मला थंडी वाजतेय, ‘मीर इस्ट काल्ट’. मला मळमळतंय, ‘मीर इस्ट यूबल’. मला चक्कर येतेय, ‘मीर इस्ट श्विंडलिख’. सगळीकडे ‘मीर’ म्हणजे ‘मला’. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांना जे महिनोन्‌महिने छळतं ते आपल्याला फुकट मिळतं.

पण फुकटाचं घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. आपला ‘ला’ द्वितीयेलाही लागतो. ‘मला विचार’ आणि ‘मला फोन कर’ इथं जर्मन माणूस ‘मीर’ म्हणत नाही, ‘मिख’ म्हणतो. मला भूक लागलीय, मला माहीत आहे, मला वाटतं, मला एक मुलगी आहे, या चारही वाक्यांत जर्मन माणूस सरळ ‘इख’ने म्हणजे ‘मी’ने सुरुवात करतो. सिस्टरने या सगळ्यांना ‘मीर’ लावून टाकलं होतं.

दुसरी अडचण जास्त खोल होती. आउफ (वर), इन (आत), फोर (पुढे), उन्टर (खाली) अशा नऊ अव्ययांपुढे जर्मनमध्ये दोन विभक्त्या येतात. वस्तू कुठे आहे हे सांगायचं असेल तर डाटिव्ह, कुठे चाललीय हे सांगायचं असेल तर अकुझाटिव्ह, म्हणजे आपल्या द्वितीयेसारखी. आपल्याकडे ‘घरात आहे’ आणि ‘घरात जा’, दोन्हीकडे ‘घरात’च. पलंगावर झोपलेला पेशंट आणि पलंगावर झोपवायचा पेशंट, दोन्ही ‘पलंगावर’. संस्कृतात हा फरक आहे: ग्रामं गच्छति, पण ग्रामे वसति. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलेलं असतं त्यांच्या डोक्यात एवढ्यावर प्रकाश पडतो. हिने घेतलं नव्हतं. नियम तिला कळत होता, पण कानाला तो फरक ऐकू येत नव्हता.

बदकं

गाण्याचं सुचलं ते तिच्याचमुळे. एकदा तास सुरू व्हायच्या आधी ती काहीतरी गुणगुणत होती. विचारलं, तर म्हणाली, घरी आजीबरोबर रोज हरिपाठ व्हायचा, सगळा पाठ आहे, ‘पण अर्थ विचारू नका.’ म्हटलं, हिला तक्ता नको, चाल द्यावी.

सुरुवात अंगणवाडीतल्या गाण्याने केली. ‘आले माइने एन्टशन’, माझी सगळी बदकुली. जर्मनीत वाढलेल्या बहुतेकांना हे येतं. चाल आपल्या सरगमात अशी बसते: सा रे ग म प प, ध ध ध ध प, पुन्हा ध ध ध ध प, म म म म ग ग, रे रे रे रे सा. शब्द: ‘आले माइने एन्टशन, श्विमन आउफ डेम झे, श्विमन आउफ डेम झे, क्योप्फशन इन डास वासर, श्व्हेन्टशन इन डी ह्यो.’ बदकुली तळ्यावर पोहतायत; डोकी पाण्यात, शेपट्या वर.

एवढ्याशा गाण्यात सगळा नियम मावलाय. पोहतायत कुठे? तळ्यावर: ‘आउफ डेम’, डाटिव्ह. डोकी कुठे चालली? पाण्यात: ‘इन डास’, अकुझाटिव्ह. शेपट्या कुठे चालल्या? वर: ‘इन डी’, पुन्हा अकुझाटिव्ह. आणि महत्त्वाचं म्हणजे ‘डेम’ला स्वतःचा सूर आहे, चौथा ध. बोलताना जर्मन लोक हा शब्द इतका गिळतात की ‘मिट डेम’चं ‘मिम’ होतं आणि शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. गाण्यात त्याला गिळता येत नाही; सूर रिकामा राहील.

जाता जाता एक गोष्ट. ‘झे’ हा शब्द पुल्लिंगी असेल तर तळं, स्त्रीलिंगी असेल तर समुद्र. ‘आउफ डेम झे’च्या जागी ‘आउफ डेर झे’ म्हटलं की बदकं थेट समुद्रात. सिस्टर यावर इतकी हसली की ‘डेम झे’ ती पुन्हा कधी चुकली नाही. तीन दिवसांनी आपणहून म्हणाली, ‘पेशंट लीग्ट इम बेट’, पेशंट पलंगावर पडलेला आहे, आणि ‘इख लेगे ईन इन्स बेट’, मी त्याला पलंगावर निजवते. ‘इम’ म्हणजे इन डेम, ‘इन्स’ म्हणजे इन डास. दोन्ही बरोबर. मी मनात म्हटलं, जमलं. इथं माझं मत पहिल्यांदा बदललं: आजवर मी गाणी शुक्रवारच्या तासाला विरंगुळा म्हणून वापरायचे.

दुसरं गाणं ‘हेन्सशन क्लाइन’, जगभ्रमणाला निघालेल्या छोट्या हान्सचं. त्यातली एकच ओळ घेतली: ‘श्टोक उंट हूट श्टेट ईम गूट’, काठी नि टोपी त्याला शोभते. इथं ‘ईम’ म्हणजे ‘त्याला’, आपल्यासारखंच. वॉर्डातल्या आजीबाईंनी नवा स्वेटर घातला तर म्हणायचं ‘डास श्टेट ईनन गूट’, तुम्हाला छान दिसतं. पाच मिनिटांत काम झालं.

लिंडनच्या झाडाखाली

तिसरं गाणं मोठं घेतलं, आणि तिथंच घोळही झाला. ‘डेर लिंडनबाउम’. कविता विल्हेल्म म्युलरची; फ्रान्झ शुबर्टने १८२७ मध्ये ‘विंटरराइझे’ या चोवीस गीतांच्या मालिकेत तिला संगीत दिलं, मालिकेतलं हे पाचवं गीत. पुढे फ्रीड्रिख झिल्खरने त्याची सोपी चाल बांधली आणि ते लोकगीतासारखं घरोघरी गेलं. मी झिल्खरची चाल घेतली, कारण तीनही कडवी एकाच चालीत जातात; शुबर्टचा पियानो तिसऱ्या कडव्यात वादळ उठवतो, त्यात शिकणारा वाहून जातो. हा विल्हेल्म म्युलर म्हणजे ऋग्वेदाचे संपादक माक्स म्युलर यांचे वडील. पुण्यामुंबईत जिथं जर्मन शिकायला जातात त्या माक्स म्युलर भवनाला मुलाचं नाव आहे. बापाची कविता तिथल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

पहिलं कडवं असं: ‘आम ब्रुनन फोर डेम टोरे, दा श्टेट आइन लिंडनबाउम, इख ट्रॉइम्ट इन झाइनेम शाटन झो मानखन झ्यूसन ट्राउम. इख श्निट इन झाइने रिंडे झो मानखेस लीबे वोर्ट.’ वेशीपुढच्या आडापाशी एक लिंडनचं झाड आहे. त्याच्या सावलीत मी कितीक गोड स्वप्नं पाहिली, त्याच्या सालीत कितीक लाडके शब्द कोरले.

मराठीत सावलीत आणि सालीत, दोन्हीकडे तोच ‘त’. जर्मनमध्ये ‘इन झाइनेम शाटन’ आणि ‘इन झाइने रिंडे’. सावलीत तो बसलाच आहे, म्हणून डाटिव्ह. सालीत शब्द बाहेरून आत गेला, म्हणून अकुझाटिव्ह. आपल्या कानाला न दिसणारी भेग या दोन ओळींमध्ये नेमकी उघडी पडते.

शब्दसंग्रहाचंही थोडं सांगते. गाण्यातले ‘आंगेझिख्ट’ (चेहरा) आणि ‘गेझेले’ (इथं सोबती) हे शब्द वॉर्डात कुणी वापरणार नाही. तिथं चेहरा म्हणजे ‘गेझिख्ट’. पण ‘शाटन’ म्हणजे सावली हा शब्द एक्स-रेसमोर उभा राहतो: फुप्फुसावर सावली, ‘शाटन आउफ डेर लुंगे’. आणि ‘रिंडे’ म्हणजे झाडाची साल, तशी मेंदूची साल ‘हिर्नरिंडे’, आपण ज्याला कॉर्टेक्स म्हणतो ती. लॅटिनमध्ये कॉर्टेक्स म्हणजेही सालच. आयसीयूतल्या बाईला ही जोडी एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नाही. वहीतले अकराशे शब्द एकेकटे होते. हे शब्द आपापलं अव्यय आणि विभक्ती बरोबर घेऊन आले.

तिसऱ्या कडव्यातली ओळ मात्र तिला अडली: ‘डेर हूट फ्लोग मीर फोम कोप्फे, इख व्हेन्डेटे मिख निख्ट.’ शब्दशः: टोपी मला डोक्यावरून उडाली, मी वळलो नाही. ‘मला? माझी टोपी ना, मॅडम?’ जर्मनमध्ये शरीराला काही झालं, कुणी काही केलं, की ज्याचं शरीर तो माणूस डाटिव्हमध्ये येतो. केस धुवायचे तर ‘इख वाशे ईनन डी हारे’, मी तुम्हाला केस धुते. ‘तुमचे केस’ म्हटलं तर चूक नाही, पण वॉर्डात कानावर पडतं ते हेच. पाठ दुखते ती ‘मीर टूट डेर र्‍युकन व्हे’. नर्सला दिवसभर दुसऱ्याच्या अंगाशीच काम, म्हणजे ही डाटिव्ह तिच्या रोजच्या वापरातली.

मी उदाहरणं शोधत बसले होते, आणि ती मध्येच म्हणाली, ‘आमचे पेशंट म्हणतात ना, मला पोटात दुखतंय. माझ्या पोटात कुठं म्हणतात?’

वीस वर्षं शिकवतेय, पण हे मला सुचलं नव्हतं. मला पोटात दुखतंय, मला पायाला लागलं. माणूस चतुर्थीत, अवयव वेगळा. म्हणजे टोपीही आपल्याला मराठीतच उडवता येते, फक्त ती ओळख पटायला हवी.

बिघाड

सहाव्या आठवड्यात मी तिची सराव तोंडी घेतली. एका आजोबांचं पट्टीचं काम कसं केलं ते सांगायचं होतं. ती म्हणाली, पट्टी ‘फोम कोप्फे’ काढली. मी थांबवलं. आजचा माणूस ‘फोम कोप्फ’ म्हणतो. तो शेवटचा ‘ए’ जुन्या डाटिव्हचा; ‘टोरे’तला आणि ‘कोप्फे’तलाही. ‘त्सू हाउझे’सारख्या काही ठरीव प्रयोगांतच तो आता रोजच्या बोलण्यात उरलाय. तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, ‘म्हणजे देवाचिये द्वारींसारखं?’

अगदी तसं. द्वारीं ही जुनी सप्तमी, हरिपाठात शोभते. बँकेत जाऊन कुणी ‘आपुल्या द्वारीं आले आहे’ म्हणालं तर कॅशियर चष्म्यावरून बघेल. ‘टोर’ म्हणजे वेशीचं दार, म्हणजे दोन्हीकडे दारच, हा योगायोग आम्हा दोघींना आवडला, पण चूक माझी होती. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं गाणं देताना कुठला शब्द आजचा आणि कुठला देव्हाऱ्यातला हे मी आधी खुणा करून द्यायला हवं होतं.

खरा बिघाड याहून मोठा होता. ‘सावलीत’ला जर्मनमध्ये काय, असं अचानक विचारलं की तिचे डोळे पुन्हा छताकडे. ओठ हलतायत. आम ब्रुनन फोर डेम टोरे, दा श्टेट... ती सुरुवातीपासून गात येत होती. तक्त्याचा पाढा जाऊन गाण्याचा पाढा आला होता. वरून तिने एक नियमही बनवला होता: शाटनला कायम ‘झाइनेम’, रिंडेला कायम ‘झाइने’. दोष तिचा नव्हता. शाटन पुल्लिंगी, रिंडे स्त्रीलिंगी. गाण्यात लिंग आणि विभक्ती दोन्ही एकदम बदलतात, मग फरक कशामुळे पडला हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?

इथं माझं मत दुसऱ्यांदा बदललं. गाणं पाठ होणं हे अर्धंच काम, आणि तेही सोपं अर्धं.

मोडतोड

उरलेले तीन आठवडे आम्ही गाणं पाठ करण्याऐवजी मोडत बसलो. आधी चार कोपरे. सावलीत बसलो: ‘इन झाइनेम शाटन’. सावलीत शिरलो: ‘इन झाइनन शाटन’. सालीत शब्द कोरला: ‘इन झाइने रिंडे’. सालीत शब्द दिसतो: ‘इन झाइनर रिंडे’. गाण्यात यातले दोनच आहेत. बाकीचे दोन त्याच चालीवर आम्ही बसवले. कवीला आवडलं नसतं.

मग ओळ मधूनच सुरू करायची. मी टाळी वाजवली की तिने तिथूनच पुढचा शब्द घ्यायचा, मागे जायचं नाही. पहिले दोन दिवस ती वैतागली. ‘मॅडम, ताल तुटतो.’ अगं, तोच तोडायचाय.

आणि शेवटी चाल तीच, शब्द वॉर्डाचे. ‘फोर डेम टोरे’च्या जागी ‘फोर डेम त्सिमर’, खोलीबाहेर. बदकांच्या चालीवर ‘मिट डेम रोलाटोर’ बसवताना एक मात्रा जास्त होत होती, तर तिने ‘मिट’ आदल्या सुरावर उचलून घेतलं, भजनात घेतात तसं. टोपीच्या ओळीचे तिने स्वतःच सहा-सात प्रकार केले: चष्मा मला नाकावरून पडला, कवळी त्यांना तोंडातून पडली. शेवटचं वाक्य अनुभवातून आलं होतं.

नवव्या आठवड्यात पुन्हा दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग. डाटिव्हच्या सव्वीस जागा, एकोणीस बरोबर. एका मुलीच्या दोन रेकॉर्डिंगांवरून मी सिद्धांत मांडत नाही; त्या काळात ती रोज ड्युटीवरून येऊन जर्मन बातम्याही ऐकत होती, त्याचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही. पण ‘मिट’ आणि ‘फोन’पुढची चूक जवळजवळ गेली, आणि ‘इम बेट, इन्स बेट’ ती न थांबता म्हणते. दमलेली असली की ‘मिट डी’ अजून निसटतं. ‘मला भूक’ला ‘मीर’ लावणं गाण्याने अजिबात सुटलं नाही. ते सरळ वाक्यं लिहून घेऊनच सुटलं.

सात चुकांपैकी पाच अनेकवचनातल्या होत्या. ‘मिट डेन किन्डर’ म्हणते, ‘किन्डर्न’चा ‘न’ खाते. त्यासाठी मी आधी माटिआस क्लाउडिउसचं चंद्रोदयाचं गीत काढलं, ‘आउस डेन व्हीझन’, कुरणांतून धुकं उठतं. पण ‘व्हीझे’चं अनेकवचन मुळातच ‘व्हीझन’. डाटिव्हचा ‘न’ कुठे लागला ते दिसतच नाही. शिवाय ती म्हणाली, नाइट ड्युटीनंतर ही चाल ऐकली की झोप लागते. मग सहलीला निघालेली पोरं गातात ते ‘फोन डेन ब्लाउअन बेर्गन कोमन वीर’ दिलं, निळ्या डोंगरांवरून आम्ही आलो. बेर्ग, अनेकवचन बेर्गे, डाटिव्हमध्ये बेर्गन. ‘न’ स्वच्छ ऐकू येतो.

परवा तिने नर्सिंग रूममधून व्हॉइस मेसेज पाठवला. ‘फोन डेन ब्लाउअन’पर्यंत छान चाललं होतं. पुढचा शब्द यायच्या आत मागे कुणीतरी ‘सिस्टर, चार नंबर!’ म्हणून ओरडलं आणि मेसेज तिथंच संपला.